बावीस दारं आणि एक मढं

मानवजात कशी संपेल याबद्दल शिकल्यासवरल्या लोकांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. माझं मत विचाराल तर ती चहाच्या वेळेला संपेल. आमच्या तुझबुलाकमध्ये तरी ती स्वतः उठून दार उघडेल आणि वर म्हणेल, बाहेर थंडी आहे, आत ये. हे मी ऐकीव सांगत नाही. तिला संपवायला जो गेला होता तो मीच होतो.

माझं नाव मुखित. तेहतीस वर्षं मी इथल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून एकही रसायनतज्ज्ञ बाहेर पडला नाही. एक जण बरं लोणचं घालतो, त्याचं श्रेय मी घेतो. पण ही हकिगत माझी नाही, अल्दाबेर्गेनची आहे. आमच्या कझाखांत वडीलधाऱ्याचं आख्खं नाव तोंडावर घेत नाहीत, म्हणून गाव त्यांना आल्देके म्हणतं. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे, पण जन्मतःच साठीचे असल्यासारखे वागत आले.

तरुणपणी ते सोव्हिएत फौजेत रासायनिक तुकडीत होते. तिथून परत येताना लोक घड्याळं आणतात, रेडिओ आणतात. आल्देकेंनी एक गॅस मास्क आणि एक श्रद्धा आणली. श्रद्धा अशी की माणसाला नीट शिकवलं तर माणूस वाचतो. गावातल्या खताच्या कारखान्यात त्यांना नागरी संरक्षणाची नोकरी लागली. पुढे देश मोडला, कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, पण त्यांची नोकरी कुणाच्या ध्यानातच न आल्यामुळे टिकून राहिली. एकोणतीस वर्षं त्यांनी ती अशी इमानानं केली की मला कधीकधी त्यांची कीव यायची, आणि मग स्वतःची लाज वाटायची.

त्यांच्या ताब्यात हमामखान्याच्या छपरावरचा भोंगा होता, दोनशे माणसं मावतील असं तळघर होतं आणि साडेतीनशे मास्क होते. भोंगा वाजला की घरात जायचं, असं ते दरवर्षी शिकवायचे. भोंगा वाजला की आख्खं गाव भोंगा बघायला रस्त्यावर यायचं. तळघरात बटाटे आणि कोबीची पिंपं ठेवलेली असायची, आणि मास्क लोकांनी चुना मारायला नि मधाची पोळी काढायला नेले होते. मी स्वतः एक कांदा चिरायला वापरतो. उत्तम चालतो.

एकदा त्यांनी गाव रिकामं करायचा सराव ठेवला. बस आली, दार उघडलं, आणि खाली साठ माणसं उभी राहिली. आधी वडीलधाऱ्यांनी चढायचं, हे तर झालंच. पण वडीलधारे कोण? सत्तरीचा म्हणे, पंचाहत्तरीचा आहे ना, त्याला आधी. पंचाहत्तरीचा म्हणे, मी कुठला, माझ्या सासरवाडीचे लोक इथे उभे आहेत, ते पाहुणे. चाळीस मिनिटांनी बस रिकामीच गेली, कारण ड्रायव्हरला घरी पाहुणे येणार होते. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्या गावात ती मरणाची सख्खी आई आहे.

या सगळ्या व्याख्यानांना पहिल्या रांगेत बसायला एकच बाई यायच्या, एमा कार्लोव्हना. जातीनं जर्मन, आमच्या कारखाना गल्लीच्या शेवटच्या घरात एकट्या राहायच्या आणि मोजे विणत विणत सगळं ऐकून घ्यायच्या. गावाच्या त्या एमा अपा, म्हणजे थोरली ताई. आल्देकेंचं एक वाक्य होतं, ते दर व्याख्यानाच्या शेवटी म्हणायचे, "विष बाहेर असेल तर दार लावा, विष घरात असेल तर दार उघडा." तोवर आम्ही बाकीचे उठून उभे राहिलेले असायचो. एमा अपा मात्र मान हलवायच्या आणि सुया गुंडाळायच्या.

मग जिल्ह्याच्या कचेरीतून ते पत्र आलं. नेहमीच्या वायुगळतीच्या सरावाला कुणी येत नाही, तेव्हा यंदा तरुणांना ओढून घेईल असा विषय घ्या, असं वर कुणाला तरी सुचलं होतं. विषय असा: जुन्या गोदामातून एक काल्पनिक रसायन सुटतं. ते हुंगलेला माणूस मरतो, मग उठतो, चालू लागतो आणि घरोघरी दार ठोठावतो. जो दार उघडेल तोही मेला. लोकांनी करायचं ते एवढंच, की चार तास दार उघडायचं नाही. पत्राच्या तळाशी एक ओळ आणखी होती. या सरावात आपल्या भागाची कामगिरी असमाधानकारक ठरल्यास नव्या वर्षापासून हे पद रद्द करण्यात येईल.

आल्देके पत्र घेऊन माझ्याकडे आले. माझी बायको अक्लिमा चहा ओतत होती. त्यांनी कप तसाच ठेवला.

"मुखित, मला पेन्शनला दोन वर्षं आहेत. दोन वर्षं मी कुठेही काढीन. पण ते जर म्हणाले की एकोणतीस वर्षांत या माणसाकडून एकही जण काही शिकला नाही, तर ते खोटं आहे असं मी कशावरून म्हणू?"

मी म्हटलं, या वेळी तर काहीच करायचं नाहीये. भोंगा नाही, बस नाही, मास्क नाही. नुसतं बसून राहायचं. आणि बसून राहण्यात आमच्या गल्लीचा हात कोण धरणार?

"मग मढं तू हो," ते म्हणाले. "तुझ्या शिकवण्यानं पोरांना झोप लागायची. तू दारात आलास तर उघडावंसं वाटणार नाही."

मी हो म्हटलं. भीड, दुसरं काय.

नोव्हेंबरअखेरचा दिवस होता, सकाळचे नऊ, उणे चौदा. अक्लिमानं माझ्या तोंडाला पीठ चोपडलं, हनुवटीवर बिटाचा रस ओघळवला आणि म्हणाली की लग्नाच्या दिवशीही तुम्ही इतके टवटवीत दिसला नव्हता. जिल्ह्याहून तोगझान नावाची तरुण अधिकारी आली होती, हातात पाटी, पाटीवर कागद. गल्लीत बावीस घरं. मी प्रत्येक दार ठोठावायचं, कण्हायचं, आणि उघडलंच तर दारावर खडूनं लाल फुली मारायची. आदल्या रात्री आल्देकेंनी बावीसही घरी जाऊन बजावलं होतं. सगळ्यांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता.

पहिलं घर उलमेकेनचं. मी ठोठावलं, मनापासून कण्हलो. दार लगेच उघडलं, कारण ती दाराच्या मागेच उभी होती.

"मुखित अगाय, काय हो हे तोंड?" वडीलधाऱ्याला, मास्तराला आमच्याकडे अगाय म्हणतात.

"मी मेलोय, उलमेकेन. दार लाव."

"मेलात ते दिसतंय. पण नान चाखून जा. दारातून तसेच उपाशी गेलात तर लोक मला काय म्हणतील?"

इथे माझाही नाइलाज होता, हे नमूद करतो. आमच्याकडे दारात आलेल्याला नान पुढे केला की त्यानं घासभर तरी चाखायचा असतो. न चाखता पाठ फिरवणं म्हणजे त्या घराला शाप देणं. मेलेल्यानं काय करायचं याबद्दल पूर्वजांनी काही सांगून ठेवलेलं नाही. मी घास मोडला. घासामागून लोणी आलं, लोण्यामागून चहा, आणि चहा उभ्यानं पीत नाहीत म्हणून मी बसलो.

दुसऱ्या घरच्या म्हाताऱ्यानं उंबरठ्यावर उभं करून मला सात पिढ्यांची नावं विचारली. मी कण्हत कण्हत सांगितली. पाचव्या पिढीत मी त्याच्या आईकडून भाऊबंद निघालो, त्यामुळे तिथे घोड्याचं मांस खावं लागलं. सहाव्या घरानं दिलेला शब्द पाळला. दाराला आतून खुर्ची लावून ठेवली होती. मात्र शेजारची खिडकी उघडून त्यांनी तळलेल्या गरम बावरसाकांची, म्हणजे कणकेच्या गोळ्यांची, ताटली बाहेर काढली आणि खिडकीतून माझा हात धरून नवीन सुनेला ओळख करून दिली. खिडकीचं काय धरायचं हे नियमात नव्हतं. तोगझाननं थोडा विचार करून त्यांनाही मृत लिहिलं.

माझ्या स्वतःच्या घरी अक्लिमानं दार उघडून पाय पुसायला सांगितलं. आल्देकेंच्या घरी त्यांच्या बायकोनं, रिस्कुलनं, मला ओट्याशी उबेला बसवलं आणि विचारलं की आमचे हे सकाळपासून उपाशी आहेत, तुम्ही मेलेले असलात तरी जाता जाता त्यांना एवढा डबा द्याल का? मी डबा घेतला. बगलेत डबा, हनुवटीला बीट आणि लोणी, असा मी सृष्टीचा संहार करत गल्लीतून चाललो होतो. घराघरात ज्या क्रमानं माणसं कामी आली त्याच क्रमानं माझ्या पोटात चहा गेला, आणि पंधराव्या घरानंतर माझं कण्हणं खरं होतं.

बाराच्या सुमारास एकवीस दारांवर एकवीस फुल्या झाल्या. बाविसावं एमा अपांचं. मी ठोठावलं. कण्हलो. पुन्हा ठोठावलं. आत काही हललं नाही. आणि मी इथे खरं सांगतो, कारण पुढे सांगायला तोंड राहणार नाही: मला हायसं वाटलं. एमा अपांकडे आलुबुखाराचा केक असतो आणि त्या दोन तुकड्यांखाली ऐकत नाहीत. माझ्या बरगड्यांपर्यंत चहा आला होता. मनात म्हटलं, शेवटी जर्मन माणूस तो जर्मन, शब्द म्हणजे शब्द. मी खडू खिशात घातला आणि परत फिरलो.

गल्लीच्या तोंडाशी आल्देके आणि तोगझान उभे होते. आल्देकेंचा चेहरा एकवीस फुल्यांनी खाली उतरत गेलेला मला लांबूनच दिसत होता. मी डबा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, एमा अपांनी उघडलं नाही.

"नाही उघडलं?"

"तीनदा ठोठावलं. नाही."

त्यांनी तोगझानकडे पाहिलं. ती भल्या मनाची पोर होती, तिलाही मघाशी रिस्कुलनं जेवायला घातलं होतं. तिनं कागद चाळून सांगितलं की एक जरी घर शेवटपर्यंत वाचलं, तरी तिला 'अंशतः समाधानकारक' असं लिहिता येतं, आणि तेवढ्यावर पद राहतं. वेळ संपायला पन्नास मिनिटं बाकी होती.

आल्देके हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. फौजेतून आले त्या दिवशी हसले असतील तेवढंच. "मी म्हणत नव्हतो? एक तरी माणूस ऐकत होतं," असं म्हणून ते तोगझानला एमा अपांबद्दल सांगू लागले. पहिली रांग, मोजे, सगळं. मग त्याहून मागे गेले. युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात जर्मन कुटुंबांना मालगाड्यांतून आणून इथे उतरवलं, तेव्हा एमा चार वर्षांची होती. गावाला आधीच ताकीद होती की शत्रू येताहेत, माणसं खातात, दारं लावून घ्या. सगळ्या गावानं लावून घेतली. एमाची आई तिला कडेवर घेऊन दारोदार हिंडली. आल्देकेंच्या आजीनं म्हटलं, माणसं खाणारी इतकी हडकुळी कशी असतील, आणि दार उघडलं. पोरीच्या तोंडात पहिल्यांदा दह्याचा सुकवलेला खारट गोळा घातला. तो दगड समजून पोर रडली.

"तेव्हापासून," आल्देके म्हणाले, "पंच्याहत्तर वर्षांची झाली, पण या बाईनं आलेल्या माणसाला कधी दार..."

आणि ते थांबले.

त्यांनी गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. मीही पाहिलं. उणे चौदात बावीस घरांची धुराडी असतात. एकवीस धूर सोडत होती.

"झडप," ते म्हणाले. कोळसा पुरता जळायच्या आत शेगडीची झडप लावली की धुराडं बंद होतं आणि विष घरात राहतं. त्याला रंग नसतो, वास नसतो. हे मी तेहतीस वर्षं नववीला शिकवलं, फळ्यावर सूत्रासकट.

तोगझानच्याही ते ध्यानात आलं असावं, पण ती नवीन होती आणि नियम तिला पाठ होते. ती हळूच म्हणाली, "अगाय, कदाचित त्या नुसत्या नियम पाळत असतील. आपण आत्ता दार उघडलं तर मला शून्य लिहावं लागेल."

"लिही, पोरी. शून्य लिही," आल्देके म्हणाले, आणि पळाले.

एकसष्टाव्या वर्षी, फौजी बुटांत, बर्फावरून. वाटेत आपल्या कचेरीच्या भिंतीवरची आगीची कुऱ्हाड त्यांनी ओढून घेतली. एकोणतीस वर्षांत ती पहिल्यांदा खाली आली. दाराला त्यांनी खांद्यानं दोन धक्के दिले, दार हललं नाही. मग कुऱ्हाड. चार घावांत फळी फुटली, पाचव्यात उरलेल्या फळ्या चौकटीतून आत कोसळल्या. गळ्यातला मास्क त्यांनी बर्फात फेकला. तो मास्क या विषाला उपयोगाचा नाही, हे गावात फक्त त्यांनाच माहीत होतं, आणि मला माहीत असायला हवं होतं. श्वास रोखून ते आत शिरले, खिडकी फोडली, आणि एमा अपांना उचलून बाहेर आणलं. बाईंच्या गालांवर चांगली लाली होती. ती लाली त्या विषाचीच खूण आहे हे मला कळलं, आणि मी पिठाच्या तोंडानं तिथेच बर्फात बसून रडलो. त्या क्षणी गल्लीतला खरा मेलेला कोण, हे विचारायची कुणाला गरज नव्हती.

त्या जगल्या. रुग्णवाहिका वेळेत आली, कारण ती सरावासाठी म्हणून गल्लीच्या तोंडाशीच उभी होती आणि तिचा ड्रायव्हर उलमेकेनकडे चहा पीत होता. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, आणखी अर्धा तास गेला असता तर कठीण होतं. सरावाची वेळ संपायला तेव्हा पंचेचाळीस मिनिटं उरली होती. हा हिशेब आम्ही दोघांनी आपापल्या मनात केला आणि एकमेकांना सांगितला नाही.

तोगझाननं अहवाल लिहिला. घरं बावीस, वाचलेली शून्य, निष्कर्ष: सदर भागातील लोकसंख्या काल्पनिक आपत्तीत टिकू शकत नाही. तिनं लिहिताना डोळे पुसले, पण लिहिलं बरोबर. जानेवारीत पद गेलं. फेब्रुवारीत भोंगा उतरवून नेला, तोही बघायला आख्खं गाव रस्त्यावर आलं होतं.

चौथ्या दिवशी आम्ही एमा अपांना भेटायला गेलो. आवाज बारीक झाला होता, पण हातात सुया आल्या होत्या. आल्देके खाटेच्या कडेला टोपी हातात घेऊन बसले.

"माझं दार कुणी फोडलं?" त्यांनी विचारलं.

"मी, एमा अपा. नवीन बसवून देतो."

"पण फोडलंस कशाला? ते बाहेरच्या बाजूला उघडतं. आणि त्याला कडी नव्हती." त्यांनी एक टाका घातला. "तुझ्या आजीनं आम्हाला आत घेतलं ना, तेव्हापासून माझ्या आईनं कधी कडी लावली नाही. मीही नाही. थंडी येऊ नये म्हणून नुसतं ओढून घेते. तू तर येतोस-जातोस की त्यातून."

आल्देकेंनी खाली मान घातली. एकोणतीस वर्षं दारांवर व्याख्यानं देणारा माणूस, आणि घाबरल्यावर दार कुठल्या बाजूला उघडतं तेच विसरला. ते स्वतःशीच हसायला लागले, मग एमा अपाही हसल्या.

मी हसलो नाही. मला ते तीनदा ठोठावणं ऐकू येत होतं. मी काय केलं असतं तर पुरलं असतं? हात पुढे करून दार ओढलं असतं तर. मी ते केलं नाही, कारण माझं पोट भरलं होतं. खरोखरचा झॉम्बी असता तर त्यानं निदान दार ओढून पाहिलं असतं. मी हे त्यांना तिथेच सांगितलं, जसंच्या तसं, केकसकट. एमा अपांनी सुया मांडीवर ठेवल्या.

"दोन तुकडे राखून ठेवले होते तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "आता शिळे झाले असतील."

आता आल्देकेंना पद नाही, भोंगा नाही. रोज संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, ते गल्लीतल्या बावीसही घरी जाऊन झडपा तपासतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मी बरोबर असतो. प्रत्येक घरी नान चाखावा लागतो. या हिवाळ्यात आल्देके आठ किलोंनी वाढले, मी अकरा. मी मात्र एक नियम केला आहे. ठोठावायच्या आधी मी दार ओढून पाहतो. अजून एकही दार आतून लावलेलं सापडलं नाही, आणि आल्देके दर वेळी मागून कुरकुरतात की निदान एकानं तरी लावायचं होतं.